रोहुल्ला निकपाईची दोन कांस्यपदके

अफगाणिस्तानचे खेळाडू ऑलिंपिकला प्रथम गेले ते १९३६ साली, बर्लिनला. तेथून पहिले पदक हाती यायला बहात्तर वर्षे लागली. मध्यंतरी १९६४ साली टोकियोला महंमद इब्राहिमी या मल्लाने पाचव्या क्रमांकापर्यंत मजल मारली होती. अभिमानाने सांगावे असे फारतर तेवढेच. पुढे १९७९ साली सोव्हिएट फौजा आल्या, त्या गेल्यावर यादवी माजली आणि यादवीच्या पोटातून तालिबान निघाले. काबूलच्या ज्या गाझी मैदानात सामने व्हायचे, तेथे लोकांना जमवून त्यांच्या डोळ्यांदेखत देहदंडाच्या शिक्षा अमलात येऊ लागल्या. १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्या देशाला बाहेर काढले. योगायोग असा, की २००० साली सिडनीला तायक्वांदो हा कोरियन खेळ पदकांच्या खेळांत प्रथम सामील झाला, तेव्हा अफगाणिस्तान तेथे नव्हताच.

रोहुल्ला निकपाई याच काळातला. जन्म १९८७ चा, वंशाने हजारा. हजारा कोण, हे सांगितल्यावाचून पुढचे नीटसे कळायचे नाही. मध्य अफगाणिस्तानच्या डोंगराळ मुलखातले हे लोक बहुतांशी शिया पंथाचे. चेहरेपट्टी मंगोल वळणाची, त्यामुळे गर्दीतही चटकन ओळखू यावी अशी. ही ओळखच त्यांच्या जिवावर उठत आली आहे. अमीर अब्दुर रहमानने १८९० नंतरच्या काही वर्षांत त्यांचा मुलूख मोडून काढला, माणसे गुलाम म्हणून विकली. १९९८ च्या ऑगस्टमध्ये मझार-ए-शरीफला तालिबानने त्यांची सरसकट कत्तल केली. निकपाईचे कुटुंब यादवीत घरदार सोडून इराणमध्ये निर्वासित म्हणून राहिले. तायक्वांदोत इराणचा दबदबा मोठा. तेथल्या अफगाण निर्वासितांनी आपला एक संघ बांधला होता, त्यात हा पोरगा शिरला. या खेळाला घोडा लागत नाही, हिरवळ लागत नाही. सतरंजीएवढी जागा आणि पायांत लवचिकपणा असला म्हणजे सुरुवात करता येते. निर्वासितांना परवडणारी विद्याच म्हणायची.

२००४ साली तो काबूलला परतला आणि सरकारी केंद्रात सराव करू लागला. पुढे एक कोरियन गुरूही लाभला. २००६ च्या दोहा येथील आशियाई स्पर्धेत पहिल्याच फेरीत तो बाद झाला. म्हणजे बीजिंगला निघाला तेव्हा त्याच्यावर कोणी फारशी आशा ठेवली असेल असे वाटत नाही.

२० ऑगस्ट २००८. वजनगट ५८ किलोंचा. तायक्वांदोत गुण मिळतात ते मुख्यत्वे लाथेचे. छातीच्या कवचावर बसली तर कमी, डोक्यावर बसली तर अधिक. हा गडी मध्येच एक लढत हरला. पण ज्याच्याकडून हरला तो अंतिम फेरीत गेला, की हरलेल्याला कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळावी, असा या खेळाचा उदार नियम आहे. त्या वाटेने तो शेवटच्या लढतीला पोहोचला. समोर स्पेनचा हुआन आंतोनियो रामोस, विश्वविजेतेपद मिळवलेला मातबर खेळाडू. निकपाईने त्याला ४-१ असे हरवले.

काबूलमध्ये आनंदाला उधाण आले. राष्ट्राध्यक्ष करझाई यांनी स्वतः फोन करून अभिनंदन केले आणि सरकारतर्फे घर देऊ केले. निकपाई परतला तेव्हा स्वागताला हजारोंची गर्दी लोटली, तीही स्टेडियमवर. पुश्तून, ताजिक, उझबेक साऱ्यांनी मिळून एका हजारा पोराचा जयजयकार करावा, हे त्या देशाच्या इतिहासात क्वचितच घडले असेल. या ऐक्याचे वर्णन करताना काही लेखक फार वाहवत जातात. एका पदकाने शे-सव्वाशे वर्षांची वैरे मिटत नसतात. तथापि त्या दिवसाचा आनंद खोटा होता, असेही म्हणवत नाही.

चार वर्षांनी लंडनला तो ६८ किलोंच्या गटात उतरला. दहा किलोंनी वरच्या गटात जाणे म्हणजे उंच, लांब पायांच्या माणसांशी गाठ. शिवाय ऑलिंपिकमध्ये गुण टिपणारी विद्युत्-कवचे तेथे प्रथमच आली होती. लाथ नुसती दिसून भागणार नव्हते, ती कवचात नोंदली जायला हवी होती. येथेही तो हरला, आणि हरला तोही इराणच्या महंमद बाघेरी मोतामेदकडून, म्हणजे ज्या देशाने त्याला आसरा दिला त्याच्याच खेळाडूकडून! पुन्हा तीच उलटी वाट, आणि ब्रिटनच्या मार्टिन स्टँपरला ५-३ असे नमवून पुन्हा कांस्यपदक. माझ्या मते हे दुसरे पदक पहिल्याहून मोठे. पहिल्याला नशिबाची साथ होती असे कोणी म्हटले असते, तर त्याचे तोंड बंद झाले.

२०१६ च्या रिओला तो नव्हता. २०१८ च्या सप्टेंबरात काबूलच्या पश्चिमेस हजारांच्या वस्तीत एका कुस्तीच्या तालमीत आत्मघातकी स्फोट झाला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबान पुन्हा काबूलमध्ये शिरले आणि मुलींचे खेळ बंद पडले. त्याच दिवसांत झकिया खुदादादी ही एक हात अधू असलेली हजारा मुलगी कशीबशी विमानात चढली आणि टोकियोच्या अपंगांच्या ऑलिंपिकला पोहोचली. तीही तायक्वांदोचीच. २०२४ साली पॅरिसला तिने कांस्यपदक जिंकले; निर्वासितांच्या अपंग ऑलिंपिक संघाचे ते पहिलेच पदक. त्याच वर्षीच्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत अफगाणिस्तानच्या नावावर मात्र दोनच ऑलिंपिक पदके होती, आणि ती दोन्ही निकपाईची.