सातेरी माशीचा रोगाशी लढा



कुरआन शरीफच्या सोळाव्या सूरहचे नाव 'नहल', म्हणजे मधमाशी. मधात माणसांसाठी शिफा आहे, असे तीत सांगितले आहे. पण हजारो माश्या अंधाऱ्या, उबदार ढोलीत अंगाला अंग लावून राहतात. तिथे साथ शिरली तर काय होत असेल, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे काय? त्या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

आपल्या मालवण किनाऱ्यावर झाडाच्या ढोलीत किंवा कपारीत पोळी बांधते ती सातेरी माशी. वरोआ नावाचा बारीक परजीवी मूळचा तिच्याच पोळ्यातला. एकमेकींची अंगे साफ करून सातेरीने त्याला काबूत ठेवले. युरोपची माशी आशियात आली तेव्हा तो तिच्या अंगावर गेला, आणि विसाव्या शतकात त्याने देशोदेशीच्या वसाहती उद्ध्वस्त केल्या.

1964 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ वॉल्टर रोथेनब्युलर यांनी दाखविले, की काही वसाहतींतल्या कामकरी माश्या रोगाने मेलेल्या अळीच्या घराचे झाकण उघडून तिला बाहेर टाकतात, आणि हा गुण आनुवंशिक असतो. 2011 साली मधमाशीच्याच कुळातील केसाळ 'बंबलबी'वर प्रयोग झाले. घरातल्या थोरांकडून पोटातील उपकारक जीवाणू ज्या माश्यांना मिळाले, त्या एका परजीवीपासून बऱ्याच अंशी बचावल्या. म्हणजे आरोग्य हीसुद्धा वडीलधाऱ्यांकडून मिळणारी ठेव ठरली!

तरीही प्रत्येक लढाई जिंकता येत नाही. 1976 साली थायलंडमध्ये आढळलेला 'थाई सॅकब्रूड' हा विषाणुजन्य रोग 1978 मध्ये ईशान्य भारतात दिसला. 1991-92 च्या सुमारास कर्नाटक, केरळ व तामिळनाडूत त्याने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. अळीची पाण्याने भरलेली पिशवी होऊन ती मरे. औषध नव्हते. ज्या थोड्या वसाहती तगल्या, त्यांच्याच संततीतून ही माशी पुन्हा वाढली.

मधमाश्यांच्या संशोधनासाठी पुण्यात 1962 पासून केंद्रीय संस्था आहे. 2022 साली महाबळेश्वरजवळील मांघर हे 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. परंतु आपण काय करतो? मधासाठी पोळ्याला जाळ लावतो, अंडी-अळ्यांसकट वसाहत संपवतो; काजू-आंबा मोहरात असताना विषारी फवारणी करतो. रोगातून तगलेली माशी आपल्या हातून मरावी, हे शोभते काय?

मित्रांनो, पोळ्यात एकीची स्वच्छता ही सर्वांची सुरक्षितता असते. विहिरीचे पाणी, गटार, मुलांची लस यांबाबत आपल्या मोहल्ल्यालाही हाच न्याय लागू आहे. मात्र एक फरक विसरू नका. माशी रोगट पिलाला बाहेर टाकते. माणसाला आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचा हुकूम आहे. त्यासाठी ज्ञान हवे. आपल्या मुला-मुलींतून जीवशास्त्राचे अभ्यासक निघोत, हीच अल्लाहजवळ दुआ!