पवनारच्या ब्रह्मवादिनी आणि आशेचे मोल

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीच्या काठी पवनार लागते. नदीपलीकडचा म्हणून 'परंधाम' हे नाव मिळालेल्या येथील आश्रमात विनोबा भावे १९३८ साली राहावयास आले. याच ठिकाणी २५ मार्च १९५९ रोजी, भूदानाची पदयात्रा चालू असताना, त्यांनी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. स्त्रियांनी ब्रह्मचर्यपूर्वक सामूहिक साधना आणि अध्ययन करावे, हा तिचा हेतू.

विनोबांचे म्हणणे परखड होते. आजवरची ब्रह्मविद्या पुरुषांनी रचली. संन्यासाच्या परंपरेने स्त्रीला साधनेतील विघ्न मानले. त्यामुळे ती विद्या एकांगी राहिली. महावीरांनी स्त्रियांना निःशंकपणे दीक्षा दिली, बुद्धांनी मात्र प्रथम संकोच केला, याकडे ते वारंवार लक्ष वेधीत. शंकराचार्यांच्या तोडीची, ज्ञान-वैराग्यसंपन्न स्त्री निपजल्याखेरीज आणि स्त्रियांनी स्वतः शास्त्र लिहिल्याखेरीज स्त्रीची खरी मुक्ती नाही, ही त्यांची धारणा. बृहदारण्यकातील गार्गी भर सभेत याज्ञवल्क्याला प्रश्न विचारते आणि मैत्रेयी संपत्तीऐवजी अमृतत्वाची वाट विचारते. पुढे ही परंपरा क्षीण झाली.

म्हणजे या संस्थेच्या मुळाशी एक आशा होती. पण भारतीय विचारात आशेचे स्थान सोपे नाही. भागवताच्या एकादश स्कंधातील पिंगला धनवान ग्राहकाची वाट पाहत रात्र जागते. आशा सुटते तेव्हाच तिला सुखाची झोप लागते. अवधूत तिला आपल्या २४ गुरूंमध्ये गणतो आणि एकनाथांच्या भागवतामुळे ही कथा मराठी घरांत पोहोचली. आशेविषयीचा हा कठोर धडा एका स्त्रीच्या तोंडून यावा, हे विशेषच. उलट छांदोग्याच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदाला सांगतात, की स्मरणाहून आशा श्रेष्ठ. तिच्या प्रेरणेनेच मनुष्य मंत्र शिकतो, कर्मे करतो. तिच्याही वर प्राण आहे. दोन्ही वचने आपापल्या जागी खरी आहेत. पिंगलेची आशा दुसऱ्याच्या येण्यावर टांगलेली होती, तर छांदोग्यातील आशा हाताला काम लावते.

पवनारच्या भगिनींनी दुसरी वाट धरली. शेतीतील श्रम, ईशावास्य व विष्णुसहस्रनामाचे पठण, शास्त्राध्ययन आणि 'मैत्री' हे हिंदी मासिक, असा त्यांचा क्रम राहिला. विद्यापीठीय तत्त्वज्ञान मात्र पदवी, प्रबंध आणि लेखकाचे नाव यांवर उभे असते. तेथेही मराठी स्त्रियांनी हाच प्रश्न वेगळ्या अंगाने हाताळला. मीना केळकर आणि दीप्ती गंगावणे यांनी भारतीय संदर्भातील स्त्रीवादाच्या स्वत्वशोधावर संपादित केलेला इंग्रजी ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मापाने पवनार मोजता येत नाही. पण विनोबांनी स्वतःच ठेवलेले माप, स्त्रीने रचलेले नवे शास्त्र, त्याहून सौम्य नव्हते, हेही विसरता येत नाही.

विनोबा १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेऊन येथे स्थिरावले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी येथेच त्यांनी देह ठेवला. मंदिराला त्यांनी कोणी प्रमुख नेमला नव्हता. निर्णय सर्वसंमतीने व्हावेत, एकीचाही विरोध असेल तर थांबावे, ही रीत त्यांच्या हयातीतच रुळली होती.