क्रूझ कंट्रोल आणि स्वीडनचं हरीण

लेक सोळा वर्षांची झाली. इथे अमेरिकेत या वयात मुलं गाडी चालवायला लागतात, म्हणजे आईबापांची झोप उडालीच. तिच्यासाठी गाडी बघायला गेलो, तर विक्रेत्याने फीचर्सची जपमाळ ओढायला सुरुवात केली. क्रूझ कंट्रोल, स्टॅबिलिटी कंट्रोल, आपोआप लागणारे ब्रेक... त्याच्या लेखी सगळंच 'सेफ्टी'. मी पडलो इंजिनिअर! घरी येऊन एकेकाची जन्मकुंडली मांडली.

क्रूझ कंट्रोलची गंमत बघा. तो शोधला राल्फ टीटर या अमेरिकन इंजिनिअरने, आणि टीटर लहानपणीच अपघातात आंधळा झालेला! असं सांगतात की त्याचा वकील गाडी चालवताना बोलू लागला की वेग कमी करी आणि ऐकू लागला की वाढवी. त्या हिसक्यांना टीटर वैतागला. १९५० साली पेटंट मिळालं, १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत ते यंत्र आलं. म्हणजे मुळात ही सोय आरामाची. साधा क्रूझ नेमून दिलेला वेग धरून ठेवतो, समोर ट्रक उभा असला तरी त्याला पत्ता नसतो. पुढे १९९९ मध्ये मर्सिडीजने रडार लावून त्याला अंतर राखायला शिकवलं, पण ड्रायव्हरला सैलावण्याचा त्याचा गुण काही गेला नाही.

स्टॅबिलिटी कंट्रोलचं उलट. गाडी सरळ चालली आहे तोवर हे महाशय गप्प. तुम्ही स्टीअरिंग एकीकडे वळवलंय आणि गाडी भलतीकडेच फिरतेय असं सेन्सरला दिसलं, की ते नेमक्या एखाद्या चाकाला ब्रेक लावून गाडी वळणावर आणतं. १९९५ मध्ये ते मर्सिडीजच्या महागड्या गाडीत आलं. छोट्या गाडीपर्यंत पोचवलं एका हरणाने, तेही नसलेल्या! १९९७ मध्ये एका स्वीडिश मासिकाने, रस्त्यात अचानक मूस (तिकडचं घोड्याएवढं हरीण) आल्यावर मारावं तसं वळण मारून नवी ए-क्लास तपासली, आणि गाडी चक्क उलटली. कंपनीने विक्री थांबवली आणि मग प्रत्येक ए-क्लासमध्ये हे यंत्र बसवलं. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून ते कायद्याने सक्तीचं आहे.

आपोआप ब्रेक (व्होल्वो, २००८) याच जातीचे, एरवी झोपलेले.

लेकीने विचारलं, "बाबा, मग क्रूझ कधी लावू?"

"पहिलं वर्ष अजिबात नाही."

तेव्हापासून अबोला आहे.