उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला का ढकलते?

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. आजही गाळप हंगामात राहाता, राहुरी, कोपरगाव, नेवासा भागांत उसाचे ट्रॅक्टर धावतात. अनेकदा एकामागे दोन ट्रॉल्या. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला तरी मागचे वजन पुढे रेटते आणि उतारावर, वळणावर ट्रॉली आडवी होऊ शकते.

म्हणून चालकाने:

- उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, न्यूट्रल कधीच नको.
- ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पॅडल एकमेकांना जोडलेले ठेवावेत.
- निघताना पिन आणि साखळी तपासावी.
- लोंबणारा ऊस मागचा दिवा, रिफ्लेक्टर झाकणार नाही, असा बांधावा.

अंधारात रस्त्यावर बंद पडलेली, दिवा नसलेली ट्रॉली दुचाकीस्वाराला अगदी जवळ गेल्यावरच दिसते. तेव्हा ब्रेक दाबायला वेळ उरत नाही.