एकच बेट, दोन देश आणि प्लायवूड

प्लायवूडची निर्यात हा विषय ऐकून भाग स्किप करायचा मोह होईल, पण जरा थांबा. यात एक हुकूमशहा आहे, त्याचा गोल्फमधला दोस्त आहे आणि एकाच प्रश्नाला दोन शेजाऱ्यांनी दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत.

प्रश्न साधा होता: झाडं आमची, मग कमाई दुसऱ्यांची का? १९७० च्या दशकात इंडोनेशिया आणि मलेशियातून मेरांतीसारख्या लाकडाचे ओंडके जहाजं भरभरून जपान, कोरिया, तैवानला जायचे. पेन्सिलला टोक करताना जशी साल निघते, तसा ओंडका फिरवत त्याचे पातळ पापुद्रे काढायचे, ते आडवे-उभे चिकटवायचे, की झालं प्लायवूड. कोरिया आणि तैवान ते पुढे अमेरिकेला विकत. झाड बोर्निओतलं, नोकरी मात्र कोरियात.

इंडोनेशियाने काय केलं? १९८० पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधनं आणली आणि १९८५ मध्ये ती पूर्ण बंद केली. प्लाय बनवा आणि विका! काही वर्षांत शंभराहून जास्त कारखाने उभे राहिले. नव्वदीच्या सुरुवातीला निर्यात वर्षाला ८० लाख घनमीटरच्या पुढे गेली. तैवान-कोरियातल्या गिरण्यांना टाळी लागली आणि इंडोनेशिया या धंद्याचा राजा झाला.

पण राजाची किल्ली एकाच माणसाच्या खिशात होती. कारखानदारांच्या 'अपकिंडो' या संघटनेचे प्रमुख होते बॉब हसन, राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंचे गोल्फमधले सोबती. कोणी किती माल पाठवायचा, कुठल्या बाजारात, काय भावाने, हे अपकिंडो ठरवायची. आमच्या भाषेत याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. शिवाय निर्यातबंदीमुळे देशात ओंडका स्वस्त झाला, आणि स्वस्त गोष्ट कोण जपून वापरतं? लाकूड वाया जात राहिलं, जंगल आटत गेलं.

मलेशियात असा एकच हुकूम निघणं शक्यच नव्हतं, कारण तिथे जंगल हा राज्यांचा विषय. द्वीपकल्पातली ओंडक्यांची निर्यात १९८५ मध्ये थांबली, बोर्निओवरच्या साबाने १९९३ मध्ये बंदी घातली, आणि शेजारच्या सारावाकने ओंडके विकणं चालूच ठेवलं. त्याचं एक मोठं गिऱ्हाईक पुढे आपला भारतच होता. एका देशात तीन धोरणं! कागदावर हा गोंधळच, पण एक दोरी तुटली तरी सगळा डोलारा कोसळत नव्हता. मलेशियाचं गुणगान गाताना मात्र सारावाकच्या पेनान आदिवासींना विसरून चालणार नाही. १९८७ मध्ये ते लाकूडतोडीचे रस्ते अडवून उभे राहिले होते. तिथलं प्लाय त्यांच्याच रानातून येत होतं. जपानमध्ये त्यातलं बरंचसं काँक्रीटच्या शटरिंगला लागायचं. दोन-चार वापरांत संपलं.

मग १९९७ चं आर्थिक संकट आलं. १५ जानेवारी १९९८ चा तो फोटो गूगल करून बघाच: सुहार्तो वाकून नाणेनिधीच्या करारावर सही करतायत आणि कॅमदेसू हाताची घडी घालून शेजारी उभे आहेत. त्या अटींमध्ये प्लायवूडची मक्तेदारी मोडण्याचीही अट होती. मार्चमध्ये सुहार्तोंनी हसनना मंत्री केलं, मे महिन्यात सुहार्तोच गेले. २००१ मध्ये जंगलांच्या हवाई नकाशांच्या प्रकल्पातल्या गैरव्यवहारासाठी हसन तुरुंगात गेले. पुढच्या काही वर्षांत जपानच्या बाजारात मलेशियाचं प्लाय इंडोनेशियाच्या पुढे निघालं. जागतिक बाजार मात्र दोघांच्याही हातून चीनने नेला, तोही लागवडीच्या पॉप्लर झाडांवर.

मला यातला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग मलेशियाच्या रबराचा वाटतो. रबराचं झाड साधारण पंचवीस-तीस वर्षांनी चीक कमी द्यायला लागतं. पूर्वी ते तोडून जाळायचे. १९८० नंतर हेच लाकूड फर्निचरला वापरायला लागले, मग त्याचे तंतू दाबून एमडीएफचे बोर्डही बनायला लागले. जे चुलीत जायचं, ते कंटेनरमध्ये भरून परदेशी जायला लागलं, आणि त्यासाठी रानातलं एकही नवं झाड पाडावं लागलं नाही.