गोळा, नाल आणि मूठ

मैदानी खेळांत गोळाफेक आणि हातोडाफेक असे दोन प्रकार असतात. पुरुषांच्या गटात दोन्हीचे वजन सारखेच म्हणजे ७.२६ किलो असते. गोळाफेकीत लोखंडाचा नुसता गोळा मानेजवळ धरून ढकलायचा. हातोडाफेकीत त्याच वजनात तार आणि मूठ धरलेली असते, आणि ती मूठ धरून गरगर फिरत तो सोडायचा. आता फरक पाहा. २०२३ मध्ये रायन क्राउझरने गोळा २३.५६ मीटरवर टाकला, आणि १९८६ मध्ये युरी सेदिखचा हातोडा ८६.७४ मीटरवर जाऊन पडला. फिरकी दोघेही घेतात आणि ताकदीला दोघेही कमी नव्हेत. एकाकडे मूठ होती आणि दुसऱ्याकडे नव्हती, एवढ्यावरून साडेतीन पटींहून अधिक अंतर पडले!

व्यायामाच्या साधनांचा इतिहास वाचू लागलो की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वजन काय, ते कोणीही वाढवू शकतो. दगड मोठा घ्या की झाले. खरी अक्कल लागते ती त्या वजनाला हात कुठे आणि कसा लावायचा हे ठरवायला.

आपल्या तालमींतली साधने या नजरेने पाहावीत. पहिला नुसता गोल दगड. त्याला धरायला काहीच नसते, म्हणून खाली वाकून, कवेत घेऊन, छातीशी दाबून तो उचलावा लागतो. उत्तर कर्नाटकात जत्रेच्या वेळी असे गुंडू उचलण्याच्या चढाओढी होतात. बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक प्रचंड दगड ठेवलेला आहे. गामा पहिलवानाने तो १९०२ मध्ये उचलला असे सांगतात. त्याच्या वजनाचा सांगितला जाणारा आकडा ऐकून कोणी भुवई उंचावली तर मी त्याला दोष देणार नाही. पण दगडाला मूठ नाही, एवढे मात्र खरे.

दुसरी पायरी नालेची. दगड मधोमध कोरून पोकळ करायचा आणि त्या पोकळीत आडवी मूठ ठेवायची. मूठ बाहेर नाही, दगडाच्या पोटात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यामुळे हात वजनाच्या बरोबर मध्यावर येतो आणि दगड कुठल्याही बाजूला ओढत नाही.

हे साधन कालपरवाचे नव्हे. 'मल्लपुराण' नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे, गुजरातेतल्या ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेचा. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने तो १९६४ मध्ये छापला. त्यात मल्लांनी करायच्या श्रमांची यादी आहे आणि तीत 'गोणितक' येते. गोणितक म्हणजे दोन्ही हातांनी धरून फिरवायचे दगडी कडे. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर राजाने 'मानसोल्लासा'त मल्लांच्या तयारीचे वर्णन करताना भारश्रम सांगितला आहे. म्हणजे वजन उचलण्याचे शास्त्र आपल्याकडे निदान नऊशे वर्षे लिहिले जात आहे.

तिसरी पायरी मुद्गलाची. इथे मूठ मुद्दाम वजनापासून दूर नेलेली असते. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर बाई दोन शेतांपलीकडे चालत जाते. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा, दहा पावले चालणे कठीण. वजन तेच, अंतर बदलले. चार किलोच्या डंबेलात हात मध्यावर असतो, त्यामुळे मनगटाला पीळ जवळजवळ पडत नाही. चार किलोच्याच मुद्गलाचा भार मुठीपासून हातभर लांब असतो आणि तो सांभाळताना मनगट, कोपर, खांदा सगळेच कामाला लागतात. नाल उचलायची आणि मुद्गल फिरवायचा, ही वाटणी आपल्या उस्तादांनी पुस्तके वाचून केली नव्हती. हाताने ती त्यांना शिकवली.

हे मुद्गल नंतर साहेबाच्या देशात गेले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या इंग्रज सैनिकांनी ते पाहिले. १८३४ च्या डोनाल्ड वॉकरच्या पुस्तकात ते 'इंडियन क्लब' या नावाने आढळतात. तिथून ते अमेरिकेत पोचले, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये चक्क मुद्गल फिरवण्याची स्पर्धा झाली! १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला पहिला आला तो जॉर्ज रॉथ नावाचा अमेरिकन. साधन आपले, पदक त्यांचे. असो.

पण उलट बाजूही पाहायला हवी, कारण मुठीचा विचार केवळ आपणच केला असे नाही. रशियात धान्य तोलायचे लोखंडी वजन असे, त्याला वर कडी. एक पूद म्हणजे १६.३८ किलो. बाजारात ते उचलता उचलता लोकांना त्याची गोडी लागली आणि त्यातून आजचे केटलबेल झाले. आपल्या दुकानांतही तराजूच्या मोठ्या लोखंडी वजनांना कडी असायची, ती मात्र धान्य तोलून थांबली! १९०४-०५ मध्ये भारतात येऊन गेलेला प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू सँडो याने तर मुठीलाच व्यायाम केले. त्याचे डंबेल उभे दोन भागांत चिरलेले आणि मध्ये स्प्रिंगा. ते दाबून बंद ठेवत व्यायाम करायचा.

नुसत्या जड चेंडूचेही एक घराणे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या व्यायामशाळांत 'मेडिसिन बॉल' आला. कातड्याचा, आत भराव घातलेला. नाव औषधाचे, कारण हेतू आरोग्याचा. राष्ट्राध्यक्ष हूव्हर (कारकीर्द १९२९ ते १९३३) यांच्यासाठी त्यांच्या डॉक्टरांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर सहा पौंडी चेंडू आठ फूट उंच जाळीवरून फेकण्याचा खेळच सुरू केला. हा चेंडू झेलायला उत्तम, पण घामेजल्या हातांतून निसटतो. म्हणून पुढे त्याला मुठी आल्या. मुठी आल्या तसा तो झेलायला धोक्याचा झाला, कारण टणक मूठ तोंडावर आपटते. हवी तेव्हा मूठ, नको तेव्हा नुसता चेंडू, अशी निकड तिथून निर्माण झाली. काढता-घालता येणाऱ्या मुठीचा जड गोळा ही कल्पना या निकडीतून आलेली आहे.

हा विषय माझ्यासारख्या सरकारी कारकुनाच्या डोक्यात शिरला तो खडोलीमुळे. दादरा-नगर हवेलीतले, सिल्वासाजवळचे हे गाव. गोमंतकीयांना तो मुलूख परका नाही. मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९ मध्ये तह झाला, त्यानुसार पेशव्यांनी १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा पोर्तुगीजांना दिले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तो भाग मुक्त झाला. त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसे होती, हे आपण जाणतोच. आज तिथे कारखाने आहेत. माझा भाचा खडोलीत प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे करण्याच्या कामात आहे. त्याच्यापुढे नेमके हेच काम आले: सहा किलोचा गोळा, दोन मुठी, दोन्ही काढता येणाऱ्या. त्याने फोनवर विचारले, "मामा, तुम्ही इतिहासाचं वाचता. आपल्याकडे असलं काही होतं का?"

मी त्याला वर लिहिले ते सगळे सांगितले. मग आम्ही दोघांनी हिशेब मांडला.

गोळा कशाने भरायचा? लोखंडाचा भरीव केला तर सहा किलो जेमतेम सव्वाअकरा सेंटीमीटरच्या गोळ्यात मावतात. कोरडी वाळू भरली तर तोच गोळा एकोणीस सेंटीमीटरचा होतो, म्हणजे फुटबॉलहून थोडा लहान, दोन्ही तळव्यांत नीट बसणारा. (फुटबॉलच वाळूने भरला तर नऊ किलोच्या आसपास जाईल. आपल्या गोव्यातल्या मुलांनी करून पाहू नये, पायाचे बोट जाईल!) मात्र वाळू गच्च भरलेली हवी. अर्धवट भरली तर ती आत सरकते, वजनाचा मध्य जागा सोडतो आणि मुठीवर अवचित हिसका बसतो. दगडाच्या नालेला हा प्रश्नच नव्हता.

खरी मेख मुठीच्या सांध्यात. सहा किलोचा गोळा हातात स्थिर धरला तर मुठीवर सहा किलोचाच भार. पण तो एका मुठीने धरून मीटरभर अंतरावर झोके देऊ लागलो आणि खाली येताना त्याचा वेग सेकंदाला चार मीटर झाला, तर मुठीवरची ओढ सुमारे सोळा किलोएवढी होते. मूठ वरच्या आवरणाला नुसती चिकटवलेली असेल तर आवरण फाटणार. आट्यांनी बसवलेली असेल तर झोक्याझोक्याला आटे सैल होणार. आणि सहा किलोचा सुटलेला गोळा कोणाच्या दिशेने जाईल ते देवाला ठाऊक.

याचे उत्तर मी भाच्याला कुदळीत दाखवले. कुदळीचा दांडा एका टोकाला जाड असतो. तो बारीक टोकाकडून भोकात घालून पुढे ओढतात, आणि जाड टोक भोकात रुतून बसते. घाव घालताना पाते बाहेर निसटू पाहते, आणि जितके निसटू पाहते तितके घट्ट होते. काढायचा असेल तेव्हा दांडा उलटा आपटायचा. मुठीचे मूळही असेच पाचरीसारखे असावे, ओढले की आवळणारे, आणि आत ढकलून वळवले तरच सुटणारे. शिवाय एक खिट्टी, जी बसली नाही तर उघड दिसावी. शेतकऱ्याची ही युक्ती त्याने साच्यासाठी मांडून पाहायला घेतली आहे.

आता कोणी म्हणेल, तालमीत नाल, मुद्गल, गोळा सगळे वेगवेगळे होतेच, मग एकात सगळे कोंबण्याचा हा हव्यास कशाला? प्रश्न रास्त आहे. एकाच दगडातून कोरलेल्या नालेची मूठ सुटून कोणाचा पाय मोडत नाही. सुटी मूठ म्हणजे सोय, आणि प्रत्येक सोयीबरोबर एक सांधा येतो, ज्यावर विश्वास टाकावा लागतो. पण तालीम पहिलवानाची होती. आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गुडघेदुखीची आजी, दहा वर्षांचा नातू आणि पाठीचे ऑपरेशन झालेला बाप यांना तीन साधने ठेवायला जागा नाही. आजीला खुर्चीत बसून दोन मुठींनी गोळा उचलता आला, नातवाला मुठी काढून तो ढकलता आला, तर मूठ सुटी करण्याचे सार्थक झाले. सांधा मात्र आजीच्या भरवशाला उतरेल असाच हवा.

मला खटकते ती गोष्ट वेगळीच. भाच्याच्या कागदावर एकही मराठी शब्द नव्हता. बडोद्यात द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत मराठीत काढला. त्याच बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या प्रो. माणिकरावांनी कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी देशी भाषेत बसवले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुले १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवून आली. एवढी शिदोरी असताना आज साचा करणाऱ्या मराठी मुलाला नाल म्हणजे काय ते फोन करून विचारावे लागते. शब्द गेला की त्यातले शहाणपणही जाते. नाल हा शब्द ठाऊक असता तर वजनाच्या मध्यावर हात ठेवायचा हे त्याला कोणी शिकवावे लागले नसते. कुदळ ठाऊक होती, म्हणूनच सांध्याची गोष्ट त्याला दोन वाक्यांत कळली.

त्याने नाव विचारले तेव्हा मी 'मुठीचा गोळा' सुचवले. बाजारात तो कुठल्याशा इंग्रजी नावानेच विकला जाईल, हे मला माहीत आहे. पण निदान खडोलीतल्या त्या एका कागदावर, रेघांच्या शेजारी, भाच्याने आता 'मूठ', 'पाचर' आणि 'खिट्टी' असे लिहिले आहे.