रंगविलेला पडदा आणि नाटकाची बांधणी

मराठी रंगभूमीचा इतिहास बहुधा नाटककार व गायक नट यांच्या चरित्रांतून लिहिला गेला आहे. पडद्यामागे राबणाऱ्यांचा उल्लेख त्यात आलाच तर कौतुकापुरता. वस्तुतः प्रवेशांची बांधणीच पुष्कळदा या मंडळींच्या कामाने ठरत असे.

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यास रंगभूमीवर आले. पुढे संगीत नाटकांत रस्ता, अरण्य, उद्यान, राजवाडा असे रंगविलेले पडदे रूढ झाले. पडदा दोरीने क्षणात वर घेता येई; सिंहासन वा मंचक हलविण्यास मात्र अवधी लागे. म्हणून पुढच्या बाजूस रस्त्याचा पडदा सोडावयाचा, त्यापुढे दोन-तीन पात्रांचा प्रवेश चालवावयाचा आणि तेवढ्यात मागे दरबार मांडावयाचा, अशी सोय असे. विनोदी पात्रांचे प्रवेश मध्येच का येतात, याचे कारण टीकाकार रसविचारात शोधतात. ते काही अंशी मागील माणसांच्या गरजेतही होते. पुढे पदाला 'वन्स मोअर' मिळाला की साहजिकच मागे उसंत मिळे.

या पडद्यांना थोर चित्रकारांचा हात लाभला. कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी चित्रपटाची वाट धरली व १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. परंतु चित्रित खोलीला एक अंगभूत मर्यादा होती. नट पडद्याजवळ गेला की दूरच्या महालाहून उंच दिसे. यामुळे नाटक मंचाच्या पुढच्या पट्ट्यातच खेळले जाई.

१९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले, त्यात तीन भिंतींची खरीखुरी वाटणारी खोली उभी राहिली. नटाला दारातून येता आले, खुर्चीत बसता आले. मात्र अशी खोली अंक चालू असता हलविता येत नाही. या मांडणीचा स्वीकार करणाऱ्या नाटककाराला कथानक एकाच दिवाणखान्यात आणणे भाग पडले. प्रवेश घटले, आणि पूर्वी डोळ्यांदेखत घडणारे प्रसंग संवादांतून कळू लागले. या बदलाचे श्रेय केवळ इब्सेनच्या प्रभावास देणे अपुरे होय.

ही कोंडी १९६२ मध्ये 'तो मी नव्हेच'च्या फिरत्या रंगमंचाने फोडली. न्यायालय आणि साक्षीदारांच्या आठवणींतील स्थळे आलटून पालटून दाखविणे आता शक्य झाले. रंगमंच फिरण्याच्या अवधीत प्रभाकर पणशीकरांना नव्या वेषात सज्ज व्हावे लागे. कपडेपटातील माणसाचे हातही त्या फेऱ्याच्या गतीशी बांधले गेले.